खाण्याची भीती घालणारा मेसेज आला, तर काय करायचं?

"रेशनच्या तांदळात प्लास्टिक यायलंय, बघून घ्या." "मिठात सायनाइड असतंय, सैंधव आणा." "कलिंगड घेऊ नका, सुईनं रंग टोचायलेत." सोलापुरात ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यापर्यंत असलं काहीतरी येत राहतंच. भिशीच्या ग्रुपवर येतं, बचत गटाच्या ग्रुपवर येतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर हटकून येतं. ज्यांनी स्मार्टफोन अलीकडेच हातात घेतलाय, किंवा ज्यांना घरात कुणीतरी "खरं असंल का हो हे?" असं विचारतं आणि उत्तर कुठून शोधायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विज्ञानाची पदवी लागत नाही. थोडा धीर, एक वही आणि काही नेमके प्रश्न एवढं पुरतं.

हा विषय मला जिव्हाळ्याचा वाटतो तो ताटामुळे. विड्या वळून आणि यंत्रमागावर राबून चालणारी हजारो घरं आपल्या शहरात आहेत. अंडी, दूध, शेंगदाणे, डाळ, ज्वारी आणि रेशनचा तांदूळ यांवरच त्यांचं पोषण चालतं. व्हिडिओ बघून अंडं बंद झालं, तर त्याच्या जागी बदाम येत नाहीत. काहीच येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. अशा घरातून भीतीपोटी एखादा स्वस्त आणि चांगला पदार्थ हद्दपार झाला, तर त्याची किंमत बाई आणि पोरं मोजतात.

पायरी पहिली : पुढे पाठवू नका, आधी शेवटपर्यंत वाचा

मेसेजच्या वर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली, तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून तुमच्यापर्यंत आलाय एवढाच तिचा अर्थ. तो खरा आहे की खोटा, हे ती खूण सांगत नाही. अफवांच्या त्रासामुळेच व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये असे खूप फिरलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. कंपनीला हा अडथळा घालावासा वाटला, तर आपणही तिथं घटकाभर थांबायला हरकत नाही.

वाचताना तीन गोष्टी बघा. तारीख आहे का? गाव किंवा दुकानाचा पत्ता आहे का? बोलणारा माणूस कोण, हे कळतं का? "व्हिडिओ डिलीट व्हायच्या आत बघा", "डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत", "ताबडतोब दहा जणांना पाठवा" असली वाक्यं तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच लिहिलेली असतात.

सोलापूरकरांना एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या लोकांना सहसा नसते. आपल्या शेजारी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं भिंतीला भिंत लावून राहतात. पूर्व भागातल्या मैत्रिणीला विचारा, "अक्का, हाच व्हिडिओ तुमच्याकडे आलाय का?" बऱ्याचदा तो आलेला असतो. तेलुगूत तो हैदराबादचा असतो, कन्नडमध्ये कलबुर्गीचा आणि मराठीत आपल्या मार्केट यार्डातला. चित्र तेच आणि गावं तीन निघाली, की त्या व्हिडिओवर वेळ घालवायचं कारण उरत नाही.

पायरी दुसरी : दावा एका वाक्यात वहीत लिहा

ही पायरी लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे. मेसेजमधले ढोल-ताशे बाजूला काढायचे आणि एवढंच लिहायचं : कुठल्या पदार्थात, कुठली गोष्ट, किती प्रमाणात, कुणाला, काय करते आणि हे कुणी मोजलं. बहुतेक मेसेजमध्ये या सहापैकी दोनच जागा भरतात.

दुधाचा तो प्रसिद्ध मेसेज घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत सरकारला इशारा दिलाय की दुधातली भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत देशातल्या ८७ टक्के लोकांना कॅन्सर होईल, असं त्यात म्हटलेलं असायचं. आता तो वहीत मांडा. कुठला कॅन्सर? लिहिलेलं नाही. भेसळ कशाची? लिहिलेलं नाही. ८७ हा आकडा कुठल्या अहवालातला? नाव नाही. नाव आहे ते फक्त जागतिक आरोग्य संघटनेचं, आणि ते तपासता येतं. असा कुठलाही इशारा संघटनेनं दिलेला नाही, असं सरकारनं जाहीरपणे स्पष्ट केलं. २०२५ साल आलं आणि गेलं, आणि शंभरातल्या ८७ जणांना कॅन्सर झाला नाही हे आपण आपल्या गल्लीतच बघतोय.

मग दूध चांगलंच असतं का? इथं खरी माहिती हाताशी आहे. केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं (FSSAI) २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. सुमारे ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित निघाले. जिवाला अपाय होईल अशी भेसळ सापडली ती १२ नमुन्यांत. पण सुमारे ४१ टक्के नमुने दर्जाच्या एखाद्या ना एखाद्या निकषात कमी पडले. फॅट कमी, किंवा फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ कमी. म्हणजे दुधात पाणी घालतात ही आपली जुनी तक्रार रास्त आहे आणि दुधानं देश कॅन्सरनं भरेल ही आरोळी खोटी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. याच पाहणीत आणखी एक गोष्ट सापडली होती, जिच्याबद्दल फॉरवर्डमध्ये कुणी बोलत नाही. तिच्याकडे पुढे येते, कारण तिचा संबंध आपल्या शेंगाचटणीशी आहे.

पायरी तिसरी : "किती?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

पदार्थाचं भीतीदायक नाव ऐकलं की माणूस दचकतो. मिठाचा मेसेज याच दचकण्यावर चालतो. पाकिटातल्या मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड नावाचा पदार्थ अगदी थोडा घालायला परवानगी आहे. नावात 'सायनाइड' आहे, म्हणून विष, असा मेसेजचा सूर असतो.

हे समजायला आपल्या जिल्ह्यात लांब जावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या, मोहोळच्या किंवा बार्शीच्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा, ज्वारीचं पीक कोवळं असताना, किंवा पाण्याअभावी खुंटलेलं असताना जनावर त्यात सोडतात का? सोडत नाहीत. कोवळ्या ज्वारीच्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते पोटात गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. गाय-म्हैस त्यानं तासाभरात दगावू शकते. हे सायनाइड खरंखुरं आहे. पण त्याच ताटाला कणीस लागून दाणा पक्व झाला, की दाण्यात ते नगण्य असतं, आणि त्याच दाण्याची भाकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच पिकासाठी. द्रव्य कुठल्या भागात, कुठल्या रूपात आणि किती, यावर सगळं ठरतं. आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

आता मिठाचा हिशेब करू. कायद्यानं एक किलो मिठात या पदार्थाची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लं, तर पोटात जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम जाईल. अन्नातल्या अशा पदार्थांचं मूल्यमापन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०२५ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती दीड मिलिग्रॅम होते. तिथपर्यंत पोचायला रोज १५० ग्रॅम मीठ खावं लागेल, आणि त्याच्या खूप आधी मीठच जीव घेईल. शिवाय या पदार्थातलं सायनाइड लोहाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात ते सुटं होत नाही.

या भीतीनं जे घर सैंधवाकडे वळतं, ते आगीतून फुफाट्यात पडतं. सैंधवात वरून आयोडीन घातलेलं नसेल तर ते गरजेपुरतं नसतं. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि गलगंडाची कथा तर सगळ्यांना माहीत आहे. मिठाची खरी काळजी करायची असेल तर प्रमाणाची करा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, असा सल्ला आहे. त्यात भाजी, आमटी, चटणी, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

पायरी चौथी : "कॅन्सरच्या यादीत नाव आलंय" म्हणजे काय, ते समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधनाची एक संस्था आहे. ती पदार्थांना गट देते. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. बातमीत हा फरक गाळला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तंबाखू पहिल्या गटात आहे. सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांसही २०१५ पासून पहिल्या गटात आहे. म्हणून दोन्ही सारखेच घातक, असं नाही. दोन्हींबद्दलचा पुरावा पक्का आहे, एवढंच. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेय पिणं हे त्याखालच्या गटात आहे. डाएट कोल्ड्रिंकमधलं अस्पार्टेम २०२३ मध्ये त्याहूनही खालच्या, 'शक्यता आहे' अशा गटात गेलं, तेव्हा त्याच सुमारास दुसऱ्या समितीनं त्याची रोजची मर्यादा तीच ठेवली : दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. कोल्ड्रिंक प्यायला मी कुणालाच सांगणार नाही, पण कारण सांगायचं तर खरं सांगावं.

"धोका अमुक टक्क्यांनी वाढतो" असं वाचलं की विचारा, कितीवरून किती? रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज त्या वेळी दिला गेला होता. समजा, हजारातल्या ५० जणांना हा आजार होणार असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे ५० चे ५९. शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर, असा त्याचा अर्थ होत नाही. ५० चे ५९ हाही फरक आहेच आणि रोज खाणाऱ्यानं तो मनावर घ्यावा. वर्षातून एकदा लग्नात खाणाऱ्यानं झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

पायरी पाचवी : घरगुती प्रयोगाचे व्हिडिओ स्वतः करून बघा

तरंगला म्हणजे प्लास्टिक, जळला म्हणजे प्लास्टिक, उसळला म्हणजे प्लास्टिक. डोळ्यांदेखत दाखवतात म्हणून हे व्हिडिओ सगळ्यात जास्त पटतात. जे दिसतं ते खरंच घडत असतं. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो.

गव्हाच्या पिठाचा व्हिडिओ आठवा. कणकेचा गोळा पाण्यात धुवत जातात आणि शेवटी च्युइंगमसारखा चिवट लगदा हातात राहतो. "हे बघा प्लास्टिक!" हा प्रयोग घरी कराच, आणि घरच्या चक्कीवर डोळ्यांसमोर दळून आणलेल्या पिठावर करा. मूठभर कणीक घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग भांडंभर पाण्यात हलक्या हातानं चोळत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल, तो स्टार्च. पाणी बदलत राहा. शेवटी पिवळसर, ताणला की लांबणारा, सोडला की आक्रसणारा गोळा उरेल. ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन. जाळलं तर केस जळल्यासारखा वास येतो, कारण केससुद्धा प्रथिनाचाच. अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही 'प्लास्टिकच्या आट्या'चं हेच स्पष्टीकरण दिलं होतं.

आता तोच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. सगळं पीठ पाण्यात विरून जाईल, हाती काही राहणार नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तर भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, तळहातानं रगडावं लागतं, आणि लाटण्यापेक्षा थापणं सोपं जातं. ज्या बाईनं आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, तिला या व्हिडिओचं उत्तर हातानं माहीत असतं. फक्त कुणी तिला विचारत नाही.

रेशनच्या तांदळाचं प्रकरण याहून गंभीर आहे. पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला झाली आणि मार्च २०२४ पर्यंत केंद्राच्या योजनांमधून असा तांदूळ देशभर दिला जाऊ लागला. त्यात तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात, आणि साध्या शंभर किलोंत असे एक किलो दाणे घालतात. ते रंगाला थोडे वेगळे दिसतात, पाण्यात कधी तरंगतात. सुपात तांदूळ निवडताना बायका नेमके तेच वेचून फेकतात. रक्तवाढीसाठी घातलेलं लोह कचऱ्यात जातं, आणि तेही ज्या घरात त्याची सगळ्यात जास्त गरज आहे तिथं. शंका असेल तर ते दाणे वेगळे काढून शिजवा आणि चिमटीत दाबा. पिठाचे आहेत, भातासारखे दबतात. प्लास्टिक शिजून मऊ होत नाही. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण घरात असेल तर त्याच्यापुरतं लोहाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

कलिंगडाचं थोडक्यात. आत भेग किंवा पोकळी दिसली की "इंजेक्शन दिलंय" म्हणतात. फळ वाढताना हवामान बदललं किंवा परागीभवन नीट झालं नाही की तशी पोकळी होते. सुईनं भोक पाडलेलं फळ सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात गाड्यावर आंबून जाईल, विकणाऱ्याचाच तोटा. डाळिंबाबद्दल असंच कुणी सांगितलं, तर दाण्याचा लाल रंग जातीवर आणि फळातल्या नैसर्गिक रंगद्रव्यावर ठरतो एवढं ध्यानात ठेवा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे.

पायरी सहावी : शेवटी काय विकलं जातंय?

व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. रिफाइंड तेल म्हणजे विष, असं दहा मिनिटं सांगून अकराव्या मिनिटाला घाण्याच्या तेलाचा फोन नंबर येतो. गहू म्हणजे विष, असं सांगून पुढे एका खास पिठाची जाहिरात येते. घाण्याचं करडईचं तेल मला आवडतं, आपल्या भागातलं ते जुनं आणि चांगलं तेल आहे. पण चांगल्या वस्तूला दुसऱ्याच्या बदनामीची गरज पडू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकात ज्वारी आणि गव्हाची कणीक शेजारी ठेवून बघा. शंभर ग्रॅममागे प्रथिनं दोन्हींत दहाच्या आसपास, तंतुमय भाग दोन्हींत दहा-अकराच्या आसपास. ज्वारी खा, जरूर खा. सिलिअ‍ॅक, म्हणजे ज्यात ग्लुटेन आतड्याला सोसत नाही, तो आजार असलेल्यानं गहू टाळलाच पाहिजे. बाकीच्यांनी चपातीला घाबरू नये, आणि भाकरीनं शुगर बरी होईल म्हणून गोळी बंद तर मुळीच करू नये.

पायरी सातवी : साप साप म्हणून भुई धोपटताना खरा साप निसटू देऊ नका

प्रत्येक इशारा खोटा, असं मानणंही तितकंच घातक आहे. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला बंदी आहे आणि ती योग्य आहे. इथिलीन वायूनं केळी पिकवणं मात्र कायदेशीर आहे. फळ स्वतःही पिकताना तोच वायू सोडतं. पावात वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये आपल्याकडे बंद झालं, ते एका स्वयंसेवी संस्थेनं नमुने तपासून आवाज उठवल्यावर. २०२४ मध्ये हाँगकाँगनं काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं सांगून त्यांची विक्री थांबवली. या सगळ्यांत पदार्थाचं नाव होतं, तपासणारी संस्था होती, नमुने होते. वहीतल्या सहा जागा भरत होत्या.

आता शेंगदाण्याकडे येऊ. दुधाच्या त्या पाहणीत जी गोष्ट कुणी उचलून धरली नाही, ती म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत अ‍ॅफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे विष बुरशीचं. जनावराच्या पेंडीला, मक्याला बुरशी लागते, ती जनावर खातं आणि विष दुधात उतरतं. हीच बुरशी शेंगदाण्यावर येते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतून या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या गावांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि याचा पुरावा पहिल्या गटातला आहे.

शेंगाचटणी हा सोलापूरचा जीव आहे. कितीतरी बचत गटांचं घर त्यावर चालतं. म्हणून हे बारकाईनं सांगते. दाणे भाजायच्या आधी निवडा, भाजल्यावर नाही. सुपात पातळ पसरा आणि उजेडात बघा. सुरकुतलेले, काळपट पडलेले, हिरवट-पिवळी पूड धरलेले, किडीनं फोडलेले दाणे काढून टाका. भाजताना विष थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. त्यामुळे "भाजलं की मरतंय सगळं" यावर विसंबू नका. भाजल्यावर सालं पाखडताना रंग बदललेला दाणा पुन्हा दिसतो, तोही काढा. चाखताना एखादा दाणा कडू लागला तर थुंका, गिळू नका. पोतं जमिनीवर ठेवू नका, फळी किंवा पाट घाला, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पावसाळ्यात एकदम मोठा साठा करू नका. बाजारात 'चटणीचा माल' म्हणून स्वस्तात मिळणारे फुटके, खवट दाणे घेऊ नका. उखळात लसूण, मिरची, जिरं घालून कुटल्यावर खवटपणा झाकला जातो आणि खाणाऱ्याला कळत नाही. एवढी काळजी घेतली तर शेंगदाणा हा गरिबाचा उत्तम आहार आहे. त्याला घाबरून टाकून द्यायचं काही कारण नाही.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांसमोर असतात. वर्तमानपत्रात बांधून दिलेली गरम भजी : शाई तेलात उतरते आणि तिच्यात आरोग्याला अपायकारक रसायनं असतात, म्हणून प्राधिकरणानं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याविरुद्ध सांगितलं. घरून डबा न्या किंवा कोऱ्या कागदात मागा. दुसरी, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल. जुलै २०१८ पासून त्यावर कायद्याची मर्यादा आहे. तेल काळं, दाट झालंय, त्यावर फेस धरतोय आणि घसा खवखवतोय, तर ते दुकान बदला.

पायरी आठवी : घरच्या मोठ्यांशी बोलताना

आत्यानं ग्रुपवर मेसेज टाकला तर तिथंच "खोटं आहे" असं लिहू नका. चार माणसांत खाली बघायला लागलं की माणूस पुढच्या वेळी आणखी हट्टानं पाठवतो. वेगळा फोन करा. "आत्या, तुम्ही काळजीपोटी पाठवलंत ते कळलं. मी बघितलं, त्यात असं असं आहे." मग मिठाचा हिशेब किंवा कणकेचा प्रयोग सांगा. शक्य असेल तर त्यांच्या स्वयंपाकघरात करून दाखवा. खुलासा ग्रुपवर त्यांनाच टाकू द्या. मुलांसाठी रोज रांधणाऱ्या बाईची भीती ही मायेतूनच आलेली असते, तिचा मान राखूनच बोलायला हवं.

पायरी नववी : शंका खरी वाटली तर नुसतं फॉरवर्ड करू नका, तक्रार करा

पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. तो, बॅच क्रमांक आणि शेवटची तारीख यांचा फोटो काढा. बिल जपून ठेवा. सुटा माल असेल तर दुकानाचं नाव आणि घेतल्याचा दिवस लिहून ठेवा. उरलेला पदार्थ फेकू नका, स्वच्छ कोरड्या डब्यात बंद करून ठेवा. प्राधिकरणाचा मोफत क्रमांक १८००११२१०० आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५. तक्रारीत "विष आहे" असं लिहू नका. काय दिसलं, कसा वास आला, किती जणांनी खाल्लं, कुणाला किती वेळानं काय झालं, ते लिहा. उलट्या-जुलाब झाले असतील तर आधी दवाखाना, मग तक्रार; आणि डॉक्टरांना काय खाल्लं होतं ते आवर्जून सांगा.

अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून रीतसर नमुना घेऊ शकतो. पण २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात ग्राहकालाही एक हक्क दिलाय, जो फारसा कुणी वापरत नाही. कलम ४० नुसार तुम्ही स्वतः फी भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अट एवढीच की खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं, "हे मी तपासायला नेतेय." नमुना कायद्याप्रमाणे नाही असं निघालं, तर भरलेली फी परत मिळते.